बारा भावांचा बारभाई कारभार: प्राचीन इस्राएलचे वंश आणि यहुदी मूल्यं

यहुद्यांच्या पवित्र ग्रंथाच्या, म्हणजे तोराच्या, पाच पुस्तकांपैकी चौथं पुस्तक म्हणजे 'गणना'. त्याचा सातवा अध्याय वाचायला घेतला की थोड्याच वेळात वाटतं, छापखान्यात काहीतरी घोळ झालाय. वाळवंटात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, नुकताच उभा राहिलाय आणि त्याच्या अर्पणविधीसाठी बारा दिवस रोज एका वंशाचा प्रमुख भेट घेऊन येतोय. पहिल्या दिवशी यहूदा वंशाचा नहशोन येतो. 130 शेकेल वजनाचं चांदीचं ताट, 70 शेकेलांचा चांदीचा कटोरा, धूपाने भरलेलं 10 शेकेलांचं सोन्याचं पात्र, शिवाय बैल, मेंढे, बोकड, कोकरं, सगळं मोजून. दुसऱ्या दिवशी इस्साखारचा प्रमुख येतो. तेच ताट, तेच वजन, तीच जनावरं आणि तीच यादी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी जबुलून, पुन्हा तेच. असं बारा वेळा. 89 वचनांचा हा अध्याय तोरातला सगळ्यात लांब अध्याय आहे.

एरवी हा ग्रंथ शब्दांच्या बाबतीत कमालीचा कंजूष. शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम करू नका म्हणतो आणि पुढे निघून जातो. वर्ज्य कामांची 39 कलमी यादी पुढे मिश्ना या यहुदी कायद्याच्या जुन्या संहितेला करावी लागली. मग इथेच एवढी उधळपट्टी का? 'सर्वांनी तेच आणलं' एवढ्यावर भागलं नसतं का?

मिद्राशात, म्हणजे राब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) तोराच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा भरत रचलेल्या भाष्य-वाङ्मयात, याचं उत्तर सापडतं. वस्तू एकच असली तरी प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा होता. यहूदाच्या ताटात राज्यकारभार होता, इस्साखारच्या ताटात अध्ययन, जबुलूनच्या ताटात समुद्र आणि व्यापार. कुणाचंच देणं 'वरीलप्रमाणे' म्हणून उरकायचं नाही. हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आठ दिवसांत सभास्थानात आजही हाच अध्याय वाचला जातो.

बारा वंशांकडे बघण्याची यहुदी रीत इथे दिसते. हक्क आणि दर्जा सर्वांना सारखा, पण सगळ्यांनी एकसारखं व्हायची सक्ती नाही. ऐकायला हे गोड वाटतं. हे मूल्य कुठून आलं ते बघायला गेलं तर मात्र जे घर समोर येतं ते भांडणांनी भरलेलं आहे.

याकोब मामाच्या घरी राहायला गेला आणि धाकट्या मामेबहिणीच्या, राहेलच्या प्रेमात पडला. लाबानमामाने लग्नाच्या रात्री थोरली लेआ त्याच्या गळ्यात बांधली. मग राहेलही आली. सवतीसवतींच्या चढाओढीत दोघींनी आपापल्या दासीही नवऱ्याला दिल्या. लेआचे सहा मुलगे: रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा, इस्साखार, जबुलून. राहेलचे दोन: योसेफ आणि बन्यामीन. तिची दासी बिल्हा हिचे दान आणि नफताली, लेआची दासी जिल्पा हिचे गाद आणि आशेर. याकोबाला पुढे 'इस्राएल' हे दुसरं नाव मिळालं, म्हणून हे इस्राएलचे बारा वंश.

हिशेबात एक गंमत आहे. लेवीच्या वंशाला जमीन मिळाली नाही आणि योसेफच्या वाट्याचे दोन भाग झाले, एफ्राईम आणि मनश्शे या त्याच्या मुलांच्या नावाने. त्यामुळे नावं मोजली तर तेरा भरतात, पण यादी कुठलीही काढा, आकडा बाराच ठेवलेला असतो. आणि या बारांत दासीपुत्र सावत्र म्हणून बाजूला काढलेले नाहीत. निवासमंडपाचं काम ज्या दोन कारागिरांवर सोपवलं त्यातला बसालेल यहूदाचा, म्हणजे सर्वांत वजनदार वंशाचा. दुसरा अहलियाब दानचा, बिल्हाच्या वंशातला. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी इथे मुद्दाम थांबतो आणि सांगतो की थोरामोठ्यांना आणि खालच्या मानलेल्यांना देवाने इथे एका ओळीत बसवलं.

आता यहूदाकडे येऊ. 'यहुदी' हे नाव त्याच्यावरूनच आलं, आणि माझ्या मते बारांपैकी खरी मोठी गोष्ट त्याचीच आहे.

योसेफ बापाचा लाडका. बापाने त्याला खास अंगरखा केला आणि इतर भाऊ पेटले. तालमूद, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरची राब्बींची चर्चा, इथे बापालाच धारेवर धरतो: मुलांमुलांत डावंउजवं करू नये, कारण दोन सेला वजनाच्या लोकरीपायी भावांचा मत्सर जागा झाला आणि त्याची परिणती आपले पूर्वज मिसरात (इजिप्तमध्ये) जाण्यात झाली. भावांनी योसेफला विहिरीत टाकलं. मारून काय मिळणार, विकून टाकू, ही कल्पना यहूदाची. 20 चांदीच्या नाण्यांना सौदा झाला. अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून त्यांनी बापाकडे पाठवला आणि विचारलं, 'ओळखा बरं, हा तुमच्या मुलाचा आहे का?'

लगेच पुढच्या अध्यायात तामारची कथा येते. ती यहूदाची सून. नवरा गेला, मग दीरही गेला. रिवाजाप्रमाणे तिसऱ्या मुलाशी तिचं लग्न लावायचं यहूदा टाळत राहिला. तिने चेहरा झाकून, वेश्या आहे असं भासवून त्यालाच गाठलं आणि मोबदल्याचं करडू पोचेपर्यंत त्याची मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवून घेतली. तिला दिवस गेल्याचं कळताच यहूदाने फर्मावलं, 'तिला बाहेर काढा, जाळा.' तिला नेत असताना तिने त्या तीन वस्तू सासऱ्याकडे पाठवल्या, सोबत निरोप: 'ओळखा बरं, ह्या कुणाच्या?' बापाला फसवताना वापरलेलेच शब्द यहूदाकडे परत आले. तो म्हणाला, 'माझ्यापेक्षा तीच खरी आहे.'

या प्रसंगातून तालमूदाने जो नियम काढला तो यहूदाबद्दल नाही, तामारबद्दल आहे. जीव जायची वेळ आली तरी तिने नाव घेतलं नाही, चारचौघांत त्याची अब्रू घेतली नाही. वस्तू पाठवल्या आणि कबूल करायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं. म्हणून तालमूद म्हणतो, माणसाने धगधगत्या भट्टीत उडी घ्यावी, पण दुसऱ्याला लोकांसमोर खजील करू नये. सार्वजनिक अपमान हा यहुदी परंपरेत रक्तपाताच्या रांगेतला गुन्हा मानतात. त्याची पाळंमुळं अशी एका सुनेच्या मौनात आहेत.

विक्रीनंतर 22 वर्षांनी शेवटचा अंक घडतो. दुष्काळात धान्यासाठी भाऊ मिसरात जातात. तिथला कारभारी योसेफच आहे, पण ते त्याला ओळखत नाहीत. तो धाकट्या बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो: हा इथे गुलाम राहील, बाकीचे घरी जा. परिस्थिती हुबेहूब तीच. राहेलचा मुलगा, बापाचा लाडका, त्याला सोडून निघून जायची संधी. या वेळी यहूदा पुढे होतो: मी बापाकडे याचा जामीन राहिलो आहे, याच्याऐवजी मला ठेवून घ्या.

बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या यहुदी पंडिताने पश्चात्तापाची व्याख्या केली आहे. तोच प्रसंग पुन्हा समोर आला, पाप करणं हातात होतं, तरी केलं नाही, तर पश्चात्ताप पुरा झाला. रडणं, उपास, माफी ही सगळी त्याआधीची पायरी. यहूदाची गोष्ट या व्याख्येत नेमकी बसते. 'सर्व इस्राएल एकमेकांचे जामीन आहेत' हे तालमूदातलं वाक्य तर यहुदी सामाजिक जीवनाचा कणाच म्हणावं लागेल. यहूदाने बापाला दिलेला शब्द संपूर्ण समाजाला लागू केला की हे वाक्य तयार होतं. कुठल्यातरी दूरच्या देशात यहुदी कैद झाले की इतरांनी पैसे गोळा करून त्यांना सोडवायचं, ही शतकानुशतकांची प्रथा याच जामीनकीतून समजते.

शिमोन आणि लेवी यांची कथा रक्ताळलेली आहे. बहीण दीना हिच्यावर अत्याचार झाला म्हणून दोघांनी शखेम नगरातल्या सगळ्या पुरुषांना कपटाने मारलं. याकोबाने मरताना त्यांना क्षमा केली नाही. 'त्यांचा राग शापित असो, मी त्यांना इस्राएलात विखरून टाकीन,' असं तो म्हणतो. राशी इथेही बारकावा दाखवतो: शाप रागाला दिला, मुलांना नाही.

शिक्षा दोघांना सारखीच, पण पुढे दोघांचं फार वेगळं झालं. वाळवंटातल्या पहिल्या खानेसुमारीत शिमोनचे 59,300 पुरुष आहेत, शेवटच्या खानेसुमारीत 22,200. नंतर त्याची गावं यहूदाच्या हद्दीतच विरघळली. लेवीचे लोकही विखुरले, पण शिक्षक आणि मंदिराचे सेवक म्हणून. जमीन नाही, पोट इतर वंशांच्या दशमांशावर, आणि त्या मिळालेल्या दशमांशाचाही दहावा हिस्सा याजकांना द्यायचा. ज्यांच्या हाती धर्म त्यांच्या हाती शेतजमीन नको, ही योजना मला आजही विचार करण्याजोगी वाटते.

लेवींना देशभर 48 नगरं मिळाली. त्यांतली सहा आश्रयनगरं होती. हातून चुकून कुणाचा जीव गेला तर मृताच्या नातलगांच्या सूडापासून वाचण्यासाठी माणसाने तिथे पळायचं आणि त्या वेळचा महायाजक मरेपर्यंत तिथेच राहायचं. जुन्या खुन्यांच्या वंशजांकडे नकळत खुनी झालेल्यांना सांभाळायचं काम! वाटेवर तिठ्यातिठ्यांवर 'आश्रय' अशी पाटी लावलेली असे, असं तालमूद सांगतो. मिश्नात तर याहून मजेदार तपशील आहे. महायाजकांच्या आया या लोकांना जेवण आणि कपडे पुरवत. कारण उघड आहे, आपला मुलगा लवकर मरावा म्हणून या लोकांनी प्रार्थना करू नये!

इस्साखार आणि जबुलून ही जोडी त्या मानाने शांत. मिद्राश सांगतो की जबुलून समुद्रावर व्यापार करी, इस्साखार तंबूत बसून तोरा शिके आणि नफा व पुण्य दोघांत वाटलं जाई. यातून पुढे रीतसर करार निघाले: एकाने कमवायचं, दुसऱ्याने शिकायचं. मायमोनिदीसला मात्र शिकण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या दानावर जगणं अजिबात मान्य नव्हतं आणि त्याने त्यावर कडक शब्दांत लिहिलंय. मिसरातून निघालेल्या वंशांचा पुढारी मोशे याने आशीर्वाद देताना जबुलूनचं नाव आधी घेतलं होतं, कमावणाऱ्याचं. आज 'इस्साखार' म्हणवून घेणाऱ्यांच्या हे फारसं लक्षात राहिलेलं दिसत नाही.

हाच वाद रऊबेन आणि गाद यांच्या प्रसंगाशी येऊन भिडतो. या दोन वंशांकडे गुरंढोरं फार. यार्देन नदीच्या पूर्वेला चराईची उत्तम जमीन दिसली तेव्हा ते म्हणाले, आम्हाला इथेच राहू द्या. मोशे भडकला: 'तुमचे भाऊ लढाईला जाणार आणि तुम्ही इथे बसणार?' त्यांनी तडजोड सुचवली: इथे मेंढरांसाठी वाडे आणि मुलांसाठी नगरं बांधतो, मग तुमच्या पुढे चालून लढतो. मोशेने होकार दिला, पण वाक्य उलटं करून: मुलांसाठी नगरं बांधा आणि मेंढरांसाठी वाडे. पोरांआधी मेंढरांची नावं घेणाऱ्यांना दिलेली ही चपराक भाष्यकारांनी बरोबर टिपली आहे. मोशेचा तो पहिला प्रश्न आजच्या इस्राएलमध्येही ऐकू येतो. येशिवात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत, शिकणाऱ्या अतिसनातनी तरुणांना सैन्यभरतीतून सूट द्यायला कायद्याचा आधार उरलेला नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये दिला. त्या वादात सूट नको म्हणणारे हेच वचन फेकतात.

त्याच संवादात मोशे म्हणतो, देवापुढे आणि लोकांपुढे निर्दोष राहा. मिश्नाने हे वाक्य उचललं ते थेट मंदिराच्या तिजोरीपर्यंत. खजिन्याच्या खोलीत पैसे आणायला जाणाऱ्याने दुमडपट्टीचा कपडा घालायचा नाही, पायात जोडा नको, चप्पल नको, ताईतसुद्धा नको. म्हणजे पैसे लपवायला जागाच नको. उद्या तो श्रीमंत झाला तर लोक म्हणतील तिजोरीतून झाला, गरीब झाला तर म्हणतील तिजोरीत हात मारल्याची शिक्षा मिळाली. नुसतं प्रामाणिक असून भागत नाही, लोकांना संशयाला जागाही ठेवायची नाही. आपल्याकडच्या कुठल्याही विश्वस्त मंडळाच्या दारावर लावावा असा हा नियम.

वाळवंटातल्या मुक्कामाची आणि चालण्याची शिस्त ठरलेली होती. मधोमध निवासमंडप, पूर्वेला यहूदाचा गट, दक्षिणेला रऊबेनचा, पश्चिमेला एफ्राईमचा, उत्तरेला दानचा. पालखी सोहळ्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात, तसंच. दान सर्वांत शेवटी. यरुशलेमी तालमूद सांगतो की पुढच्यांचं वाटेत जे जे पडेल ते गोळा करून दानचे लोक ज्याचं त्याला परत करत. सापडलेली वस्तू परत करणं यहुदी कायद्यात चांगुलपणावर सोडलेलं नाही, तो बंधनकारक हुकूम आहे. 'बघून न बघितल्यासारखं करू नकोस' असं तोरा स्पष्ट सांगते.

मनश्शेच्या वंशातल्या पाच बहिणींनी तर कायदाच वाढवून घेतला. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या सलाफहादच्या मुली. बाप मेला, भाऊ नाही. त्या मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या प्रमुखांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं? मोशेकडे उत्तर नव्हतं. त्याने प्रश्न देवापुढे ठेवला आणि उत्तर आलं: त्या बरोबर बोलताहेत. अर्थात क्रांती अर्धीच. मुलगे असतील तर मुलींना वारसा नाही, हे मूळ धर्मशास्त्रात तसंच राहिलं. शिवाय वंशातले वडीलधारे लगेच तक्रार घेऊन आले की यांनी बाहेर लग्नं केली तर जमीन दुसऱ्या वंशात जाईल, म्हणून मुलींना वंशातच लग्न करायचं बंधन आलं. नंतर तालमूदाने ठरवलं की ते बंधन त्या एका पिढीपुरतंच होतं.

वंशावंशांतली भिंत किती घातक ठरू शकते, हे बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या अखेरीस दिसतं. बन्यामीनच्या गिबा गावात एका स्त्रीवर सामूहिक अत्याचार होऊन ती मरते. बन्यामीन वंश गुन्हेगारांना हवाली करत नाही, आपलीच माणसं पाठीशी घालतो. बाकीचे वंश मिळून त्याच्यावर चालून जातात आणि शेवटी फक्त 600 पुरुष उरतात. मग विजेतेच रडायला बसतात की इस्राएलातला एक वंश तुटला. त्यांनी काढलेला तोडगा, म्हणजे या 600 जणांसाठी बळजबरीने मुली मिळवणं, मूळ गुन्ह्याइतकाच भयंकर आहे. ग्रंथ त्याचं समर्थन करत नाही. जो तो आपल्या मनाला येईल ते करत होता, असं म्हणून तो पुस्तक मिटतो.

तालमूदानुसार पुढे यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या 15 तारखेला वंशांनी एकमेकांत लग्न करायची मोकळीक झाली आणि बन्यामीनलाही परत घेतलं गेलं. म्हणून तो दिवस आनंदाचा. त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत. अट एकच, कपडे उसने आणायचे. राजाच्या मुलीने महायाजकाच्या मुलीकडून, तिने दुसरीकडून, अशी साखळी. जिच्याकडे चांगले कपडे नाहीत तिला लाज वाटू नये, हे कारण मिश्ना देते. तामारने जपलं तेच इथे सणाच्या रिवाजात उतरलं.

हे सगळं जसंच्या तसं घडलं असं इतिहासकार मानत नाहीत. इ.स.पू. 1208 च्या सुमाराच्या मिसरच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात 'इस्राएल' नावाचे लोक आहेत, वंशांचा उल्लेख नाही. बायबलमधल्या खूप जुन्या मानल्या जाणाऱ्या दबोराच्या गीतात दहाच नावं येतात आणि त्यांत यहूदाच नाही. वेगवेगळ्या डोंगरी टोळ्यांनी एकत्र येताना आपली एका बापाची वंशावळ मागाहून जुळवली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तर सख्खे नसलेल्यांनी एकमेकांचे जामीन व्हायचं ठरवलं, हे मला उलट जास्त मोलाचं वाटतं.

शलमोन राजानंतर राज्य फुटलं. उत्तरेकडचे दहा वंश वेगळे झाले आणि इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने त्यांची राजधानी शोमरोन घेतली. सार्गोन राजाच्या नोंदीत 27 हजारांहून अधिक लोकांना हलवल्याचं लिहिलंय. हे 'हरवलेले दहा वंश' परत येतील का, यावर मिश्नात वाद आहे. राब्बी अकिवा म्हणतात, गेलेला दिवस परत येत नाही, तसे तेही येणार नाहीत. राब्बी एलिएझर म्हणतात, दिवस मावळतो तसा उजाडतोही.

हा वाद पुस्तकात राहिला नाही. 1973 साली राब्बी ओवादिया योसेफ यांनी इथिओपियाच्या यहुद्यांना दान वंशाचे मानलं आणि त्यांचा इस्राएलकडचा रस्ता मोकळा झाला. 2005 साली मिझोराम-मणिपूरच्या बनेई मनाशे समाजाला इस्राएल देशाच्या मुख्य राब्बींनी इस्राएलचे वंशज म्हणून मान्यता दिली.

आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे, शब्बाथाला घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', गावावरून पेणकर-अष्टमकर अशी आडनावं, नवस फेडायला एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान 1796 साली उभं राहिलं. पण कोणता वंश, हे त्यांची परंपरा सांगत नाही. समाजाचं नावच बारांना एकत्र पोटात घेणारं, 'इस्राएलची मुलं'.

इस्राएलमध्ये जाऊन वसल्यावर मात्र याच समाजाच्या लग्नांत आडकाठी आली. 1960 नंतरच्या काही वर्षांत मुख्य राब्बी-मंडळाने बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्या तपासायच्या सूचना काढल्या. कोकणातून आणि मुंबईतून गेलेली माणसं यरुशलेममध्ये निदर्शनांना बसली. अखेर 1964 मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि राब्बी-मंडळाला आपल्या सूचनांतून या समाजाचं नाव काढून टाकावं लागलं.